काडीच्या नावावरचे फोटो

काडी गेला त्याला दीड महिना होऊन गेला होता, आणि या दीड महिन्यात ठोकळ्या त्याच्या बायकोसमोर पाच मिनिटंही धड बसला नव्हता. जायचा रोज. पाण्याची पिंपं भरून द्यायचा, गॅसची टाकी खांद्यावरून आणायचा, गळणाऱ्या पत्र्यावर डांबर थापून द्यायचा, आणि ती चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच ‘येतो वहिनी’ म्हणून सटकायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. हे कानावर आलं की ठोकळ्या मान खाली घालून वाट बदलायचा.

आता हा ठोकळ्या कोण, आणि त्याला एवढं काय झालं होतं, हे सांगायचं तर पार चौतीस-पस्तीस वर्षं मागं जायला हवं. बारा वर्षांचा असतानाच तो दाराच्या चौकटीएवढा रुंद होता, म्हणून ठोकळ्या. दुसरा इतका किडकिडीत की सदऱ्यात आहे की नाही हे चाचपून बघावं लागे, म्हणून काडी. आईबापांनी ठेवलेली नावं हजेरीपटावर होती, पण ती पुकारली की दोघांनाही क्षणभर कळत नसे की आपल्यालाच हाक मारलीय. दोघांची घरं म्हणजे एकाच लांबट खोलीचे दोन भाग, मध्ये पत्र्याची भिंत. काडीच्या घरी बाप नव्हता आणि ठोकळ्याच्या घरी होता तो असून नसल्यासारखाच. दोघांच्या आया मोठ्या खटपट्या. त्यांनी दोन घरांत मिळून एकच शेगडी ठेवली होती. एक दिवस या बाजूला पेटायची, एक दिवस त्या बाजूला. ज्या दिवशी तुमच्याकडे शेगडी त्या दिवशी कोळसा तुमचा आणि पातेलं दोन घरांचं. त्यामुळे दोन्ही पोरांना आपलं घर नक्की कोणतं हे बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं, शेगडीचा दिवस कुणाचा एवढं ठाऊक होतं.

वस्तीच्या मागे कारखाना होता. वॉशबेसिनं आणि संडासाची भांडी बनवणारा. भट्टीतून तडकून निघालेला माल कुंपणाबाहेर फेकत, त्याचा हा मोठा ढीग साचला होता. पोरं त्या ढिगात उतरत आणि त्यातल्या त्यात धड निघालेली टाकीची झाकणं शोधत. तडा गेलेला असेच. त्यावर काडीने एक तोड काढली होती. शाळेतून चोरलेल्या खडूची पूड आणि ओला साबण मळून तो तड्यात असा काही भरायचा, बोटाने असा पुसून घ्यायचा की बघणाऱ्याच्या बापाला कळू नये. मग ठोकळ्या ते झाकण डोक्यावर घेऊन बाजारात जाई. घरी नेऊन पाणी लागलं की साबण विरघळे आणि गिऱ्हाईक शिव्या देत परत येई, तोवर हे दोघं दुसऱ्या गल्लीत. एकदा पहारेकऱ्याने दोघांना ढिगात गाठलं. काडीला पळता येईना, पायात काच गेली होती. ठोकळ्या सरळ त्याच्या अंगावर आडवा पडला आणि सगळ्या काठ्या पाठीवर घेतल्या. पहारेकरी दमला, पण हा हलेना. नंतर काडीनेच त्याच्या पाठीला तेल चोळलं, आणि चोळता चोळता म्हणाला की एवढी ऐसपैस पाठ एकट्याला कशाला लागते, मला अर्धी दे.

हे असं सगळं अर्धं अर्धं चालायचं. शाळेत टोचायला आले तेव्हा सुई बघूनच काडी रांगेतून सटकला. ठोकळ्याने डावा दंड पुढे केला, मग रांगेच्या मागे जाऊन काडीच्या नावाला उजवा दंड पुढे केला. दोन्ही दंड सुजले, तीन दिवस ताप. त्या बदल्यात काडीने त्याचे सगळे निबंध लिहिले, वर्षभर. गुरुजींना अक्षर कळत होतं, पण त्यांनी कशाला त्रास घ्यावा? सातवीनंतर दोघांनाही शाळेत कुणी शोधायला आलं नाही.

पंधराव्या वर्षी दोघं कारखान्यात लागले. वय अठरा सांगितलं, मुकादमाने ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. ठोकळ्याचे खांदे बघून म्हणाला, हा पॅकिंगला. काडीची लांबसडक बोटं बघून म्हणाला, हा घासणीला. एवढंच. पानाची पिचकारी टाकायला लागतो तेवढ्या वेळात त्याने हे ठरवलं, आणि दोघांना वाटलं, चला, दोघांनाही काम लागलं.

घासणी म्हणजे काय, तर साच्यातून निघालेलं कच्चं भांडं वाळलं की त्याच्या कडांना साच्याची शीर उठलेली असते. ती पात्याने खरवडायची, मग घासून गुळगुळीत करायची, की माल चकाकी द्यायला पुढे गेला. हे काम ओल्या स्पंजाने करायचं असा नियम होता. भिंतीवर पाटीही होती. पण तासाला जितके नग मुकादमाला हवे असत, तितके ओल्या स्पंजाने काढायला चार हात लागले असते. म्हणून सगळे कोरडंच घासत. खात्यात पांढरी भुकटी उडत राही, भुवयांवर बसे, डब्यातल्या भातावर बसे, आणि तोंडाला फडकी बांधलेली ती चाळीस माणसं एकसारखी पांढरी दिसत. काडी म्हणायचा, आमच्या खात्यात कुणी म्हातारं होत नाही, सगळे पहिल्या दिवसापासूनच पांढरे. पुढे म्हणायचा, आपण आहोत म्हणून मोठमोठ्या साहेबांची सकाळ मोकळी होते, नाहीतर बसले असते अडकून. या विनोदावर तो स्वतः इतका हसायचा की त्याला ढास लागायची. तेव्हा ती हसण्याचीच होती.

लग्नं झाली. ठोकळ्याला मूल झालं नाही, काडीला दोन मुली झाल्या. काडीची बायको गोण्या शिवायची, तोंडाची फटकळ, हाताची चपळ, आणि घरात दुधाच्या थेंबाचाही हिशोब ठेवणारी. मुलींना शाळेतून काढायचं नाही हा तिचा हट्ट होता. थोरलीला पुढे नर्सिंगला घातलं तेव्हा गल्लीत कुणी घातलेलं नव्हतं. त्या एका हट्टापायी नवरा-बायको दोघंही घाण्याला जुंपल्यासारखी राबत होती.

दर वर्षी थंडीच्या सुमाराला कारखान्याच्या आवारात फोटोची गाडी यायची. छातीचा फोटो. तीन दिवस गाडी उभी राही. सदरा काढायचा, नंबराची पाटी धरायची, हनुवटी वर, श्वास रोखायचा, झालं, पुढचा. ज्याच्या फोटोत डाग निघे त्याला मुकादम महिनाभरात बोलावून घेई आणि तो माणूस पुन्हा खात्यात दिसत नसे. याच गल्लीतला एक जण असा गेला होता. वर्षभर दाराशी बसून खोकला आणि मग तोही बसेनासा झाला. त्यामुळे घासणीवाल्यांना धुळीची भीती वाटत नसे, फोटोची वाटे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे काडी जाण्याच्या चार वर्षं आधी. गाडी यायला दोन दिवस होते, आणि काडी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगला आला. खोक्यांच्या आडोशाला बसला. खोकून रुमालात काहीतरी पुसलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, यंदा माझा डाग निघणार. थोरलीचं एकच वर्ष राहिलंय. एक वर्ष ढकललं की मग निघू दे निघायचा तो डाग. ठोकळ्याने विचारलंही नाही की मी काय करू. त्यात विचारायचं काय होतं? पॅकिंगचे फोटो पहिल्या दिवशी असत, घासणीचे दुसऱ्या. पहिल्या दिवशी त्याने स्वतःचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी घासणीत जाऊन दोन मुठी भुकटी तोंडाला फासली, फडकं बांधलं आणि काडीच्या जागी रांगेत उभा राहिला. गाडीतला माणूस दर वर्षी नवा असे, यादीतलं नाव वाची आणि तोंडाकडे बघतही नसे. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी मूग गिळले. काडीचं नाव पुकारलं तेव्हा ठोकळ्या ‘हजर’ म्हणाला आणि छाती भरून श्वास घेतला.

संध्याकाळी गाड्यावर एकात दोन चहा घेताना काडी म्हणाला, जन्मात पहिल्यांदा माझी छाती भरदार आलीय, मोठा करून भिंतीवर लावतो. दोघं हसले. मग त्याने हसू आवरलं आणि ठोकळ्याकडून वचन घेतलं की हे तुझ्या वहिनीला कळता कामा नये. तिला कळलं तर ती मला एक दिवस खात्यात पाऊल ठेवू देणार नाही, आणि मग थोरलीचं काय? ठोकळ्या म्हणाला, माझ्या तोंडून जायचं नाही. आणि ते तोंड खरंच असं होतं की त्यातून काही जात नसे.

फोटोचा कागद आला. ‘छाती साफ’ असा त्यावर शिक्का होता. काडीच्या बायकोने तो कागद दोनदा वाचला, कपाटात मुलींच्या गुणपत्रिकांखाली ठेवला, आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ते बरोबरच होतं. कुणाचंही उतरलं असतं.

एकाची दोन वर्षं झाली. थोरलीचं संपलं तर धाकटीचं सुरू झालं. तिसऱ्या वर्षी काडीला जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागे, आणि थांबून तो खिसे चाचपण्याचं सोंग करी, काही विसरल्यासारखं. ठोकळ्याने त्याला धरलं आणि सांगितलं, बस झालं, यंदा तू स्वतः उभं राहायचं. काडीने त्याला समजावलं. म्हणाला, यंदा माझी छाती दिसली तर मागच्या दोन कुणाच्या, हे विचारतील की नाही? मग तूही बाहेर, मीही बाहेर, आणि दोन घरांत शेगडी कुणाची पेटणार? ठोकळ्याच्या डोक्यात हिशोब चटकन उतरत नसत, पण हा उतरला. एकदा आत शिरल्यावर या गोष्टीतून बाहेर यायला दारच नव्हतं. तिसऱ्या वर्षीही तोच उभा राहिला, चौथ्या वर्षीही.

इकडे घरी त्या कागदाने भलतंच काम सुरू केलं होतं. काडी सकाळी उठेना की बायको कागदावर बोट ठेवी. डॉक्टर म्हणतात साफ आहे, मग हे काय? नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यानेही तोच कागद बघितला आणि शक्तीचं औषध दिलं. ती दमून गेली होती. गोण्या शिवून बोटांना भोकं पडलेली, धाकटीची फी डोक्यावर, आणि नवरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. कधी ओरडायची, कधी रडायची, बहुतेक वेळा नुसता डबा भरून त्याच्या हातात कोंबायची. काडी उठायचा. ठोकळ्याने हे कितीतरी वेळा दारातून बघितलं होतं. दर वेळी त्याच्या जिभेवर यायचं आणि दर वेळी पलंगावरून काडी त्याच्याकडे असं बघायचा की तो गप्प बसायचा.

मग एका दुपारी काडी पाळी संपवून घरी आला, उंबऱ्यावर बसला, एका बुटाची नाडी सोडली आणि दुसऱ्या बुटाला हात घालता घालता तिथेच कलंडला. वय वर्षं शेहेचाळीस.

नंतर कळलं ते जास्त वाईट होतं. कामगार संघटनेचा एक माणूस भेटायला आला, त्याने सांगितलं की धुळीने छाती गेलेल्यांना घरी बसून अर्धा पगार आणि औषधपाणी द्यायचा नियम कधीचा झालाय, आणि माणूस गेला तर पुढे बायकोला मिळतं. सहा वर्षं झाली म्हणाला. ठोकळ्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर जाऊन बघतो तर खरंच, सुट्ट्यांच्या यादीखाली तो कागद होता, पिवळा पडून चारी कोपऱ्यांनी वळलेला. त्याच टाकीवर दोघं रोज तोंड धुवायचे. पहिल्या वर्षीच काडी स्वतःच्या छातीने त्या गाडीत उभा राहिला असता तर डाग निघाला असता, आणि डागाच्या जोरावर घरी बसून थोरलीही शिकली असती आणि धाकटीही. ठोकळ्या तो कागद वाचून झाल्यावरही तिथेच उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, बाबा, पाणी घ्यायचंय, सरक. तेव्हा सरकला.

वहिनीने अर्ज केला आणि अर्ज फेटाळला गेला. पत्रात लिहिलं होतं की मयताचे लागोपाठ चार वर्षांचे फोटो साफ आहेत, सबब मृत्यू धुळीने झालेला नाही. हरकत असल्यास अमुक तारखेला सुनावणीला यावं, त्यानंतर प्रकरण बंद. ते पत्र घेऊन ती ठोकळ्याच्या घरी आली. म्हणाली, भाऊजी, तुम्ही त्यांना लहानपणापासून बघितलंय, तुम्ही चला आणि सांगा ते किती खोकायचे. त्या फोटोचं यंत्रच बिघडलेलं असणार. धाकटीचं दीड वर्ष राहिलंय आणि माझे डोळे आता सुईत दोरा ओवू देत नाहीत. हे मिळालं नाही तर तिला काढावं लागेल. ठोकळ्या म्हणाला, येतो. दुसरं काय म्हणणार?

ती गेल्यावर त्याने पहिल्यांदा आपल्या बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात परातीतच थांबले. आधी ती भडकली. तुला कुणी शहाणपणा सांगितला होता, निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत, नोकरी जाईल, वर खोटेपणाबद्दल खटला भरतील, खायचं काय, माती? मग तिने कणीक मळून संपवली. नंतर तिनेच, पाठ वळवून, हात धुता धुता सांगितलं की बोलायचंच असेल तर आधी तिला घरी जाऊन सांग. परक्या माणसांसमोर कळायला नको तिला. एवढं तरी कर.

हे त्याला पटलं. नोकरीचं त्याला फारसं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर खोकी उचलून उचलून तो आता इतका थकला होता की कुणी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं तर त्याला आधी झोप आली असती. भीती होती ती वहिनीची. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो गेला. ती जमिनीवर बसून चार वर्षांचे चार कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती. एकेक कागद तळहाताने सरळ करायची आणि आत सरकवायची. त्याला बघून म्हणाली, बसा. तो बसला, या दीड महिन्यात पहिल्यांदा. धाकटी कोपऱ्यात पुस्तक घेऊन होती. ठोकळ्याने तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते एवढंच, की उद्या बस किती वाजताची धरायची? आठची, ती म्हणाली. तो उठून घरी आला. इतका नालायक माणूस आपण बघितलेला नाही, असं त्याला स्वतःबद्दल वाटलं, आणि ते फारसं चूक नव्हतं.

सुनावणीची खोली लहान होती. एक मेज, मागे चष्मा लावलेल्या अधिकारी बाई, बाजूला कारखान्याचे डॉक्टर, आणि टंकलेखन करणारा कारकून. बाईंनी वहिनीला बसायला सांगितलं, आवाज बरा होता त्यांचा. वहिनीने आपलं म्हणणं मांडलं, न रडता. मग ठोकळ्याला विचारलं. त्याने सांगितलं की हो, खोकायचा, फार खोकायचा, जिन्यात थांबायचा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, खोकला काय, दहा कारणांनी येतो. आमच्याकडे चार फोटो आहेत, आणि इतकी साफ छाती मी पॅकिंगवाल्यांचीसुद्धा फारशी बघितलेली नाही. बाईंनी वहिनीकडे बघून मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. वहिनीने पिशवी मांडीवर घेतली, तिची गाठ बांधायला लागली, आणि गाठ काही बसेना.

“ते फोटो माझे आहेत,” ठोकळ्या म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. चारही माझे. दर वर्षी आधी माझा काढायचो, दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने उभा राहायचो. बाईंनी टोपण काढलं. डॉक्टर म्हणाले, काहीतरीच काय, आता मित्राच्या बायकोसाठी रचून सांगतोय हा. तेव्हा बाईंनी दोन्ही नावांचे फोटो मागवले. ते यायला तासभर गेला, आणि त्या तासात वहिनीने एकदाही ठोकळ्याकडे बघितलं नाही. फोटो आले तसे डॉक्टरांनी एक ठोकळ्याचा आणि एक काडीचा असे शेजारी शेजारी खिडकीच्या काचेवर धरले. बरगड्या बघितल्या, खांद्याची हाडं बघितली. मग दुसरी जोडी धरली. तिसरी धरलीच नाही. खुर्चीत येऊन बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, एकाच माणसाचे आहेत.

“का केलंत असं?” बाईंनी विचारलं.

ठोकळ्याने खूप विचार केला. सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते कारकुनाला टंकता येईल असं काही नव्हतं.

“तो म्हणाला म्हणून,” तो म्हणाला.

पुढचं सगळं भराभर झालं. बाईंनी डॉक्टरांना सुनावलं की चार वर्षं तुमच्या गाडीने माणसाचं तोंड बघितलं नाही, म्हणजे या कामगाराची तपासणीच झालेली नाही, आणि तपासणी झालेली नसेल तर घासणीतली एकतीस वर्षं हाच पुरावा धरायचा असा नियम आहे. प्रकरण पुन्हा उघडतो, मिळेल तुम्हाला, असं त्या वहिनीला म्हणाल्या. ठोकळ्याच्या जबानीवर सही घेतली. डॉक्टर बाहेर जाऊन फोन करून आले आणि त्याला म्हणाले, उद्यापासून फाटकाशी यायचं नाही, पत्र घरी येईल. ठोकळ्या बरं म्हणाला.

बाहेर बसच्या थांब्यावर सिमेंटचा बाक होता. वहिनी एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला. ऊन बरंच चढलं होतं. समोरच्या दुकानात कुणीतरी लोखंडी शटर वर ढकलत होतं आणि ते अर्ध्यात अडकत होतं.

“त्यांना माहीत होतं?” तिने विचारलं. “छाती गेलीय हे?”

“हो.”

“आणि तुम्हाला.”

“हो.”

“मला कळलं तर मी कामाला जाऊ देणार नाही, म्हणून नाही सांगितलं ना?”

ठोकळ्याने मान हलवली. तिनेही मान हलवली, एखादी गोष्ट जुळली की हलवतात तशी. मग ती समोर बघत बोलायला लागली, आवाज न चढवता. म्हणाली, त्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, आज नाही जात. चार वर्षांत कधी म्हणाले नव्हते. मी पांघरूण ओढलं. मी म्हटलं, सोंगं पुरे झाली, कागद साफ आहे, उठा. ते उठले. मी बूटसुद्धा हातात आणून दिले.

ठोकळ्याला काहीतरी बोलायचं होतं. वहिनी, तुमची चूक नाही, असं काहीतरी. पण ते त्याच्या तोंडून गेलं असतं तर ते तोंडच फोडावं असं त्याला वाटलं.

“तुम्ही आज बोललात ते बरं केलंत,” ती म्हणाली. “धाकटीचं होईल आता. तुमचं काम गेलं त्याचं मला वाईट वाटतं, खोटं नाही सांगत. पण भाऊजी, आता घरी येत जाऊ नका. पाणी मी भरीन.”

“बरं,” ठोकळ्या म्हणाला.

बस आली. तिने पिशवी छातीशी धरली आणि चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. वाहकाने ठोकळ्याला विचारलं, यायचंय का? त्याने हाताने नाही म्हटलं. दुसरी बस तासाभराने होती, आणि त्याला कुठे वेळेवर पोहोचायचं नव्हतं.